काळोखातल्या मंत्रांचा नियम

९ जानेवारी, शुक्रवार

ही वही फक्त खेळाच्या नियमांसाठी. घरातलं, मनातलं इथे लिहायचं नाही. एकदा ते सुरू झालं की कामाचा कागद कामाचा राहत नाही, पसारा होतो.

आज खेळांच्या दुकानाची मालकीण घरी येऊन गेली. माझ्या बायकोने, म्हणजे हिने, बनवलेला खेळ तिला छापायचा आहे. एप्रिलअखेर नियम पूर्ण करून द्या म्हणाली. अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ चालायचा. खेळणारे तिघं: मी, हिचा धाकटा भाऊ आणि वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई. ही सूत्रधार. सूत्रधाराने सांगायचं की तुम्ही अमुक भुयारात आहात, समोर पाणी आहे, पलीकडे कोणीतरी कण्हतंय. आपण आपल्या पात्राच्या वतीने सांगायचं की मी काय करतो. मग फासा टाकायचा. मंत्र सोडायचा असेल तर जवळचा एक मणी वाटीत टाकायचा. दिवसाला सहा मणी, संपले की संपले.

हिच्या वहीत नऊ प्रकरणं आहेत. आठ पूर्ण. सहाव्यावर फक्त मथळा, ‘उजेड आणि काळोख’, आणि पुढे चार पानं कोरी. कोरी सोडून ही सातव्याकडे गेली आहे.

मी म्हटलं, चार पानं ना, लिहून देतो. सव्वीस वर्षं पंपांच्या वापर-पुस्तिका लिहितोय. चार पानं म्हणजे हातचा मळ.

१३ जानेवारी, मंगळवार

पहिला मसुदा तयार. उजेडाच्या तीन पायऱ्या केल्या. लख्ख, अंधुक, काळोख. लख्ख उजेडात मंत्र नेहमीसारखा. अंधुकात दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा धरायचा. काळोखात समोरचा दिसत नसेल तर त्याच्यावर मंत्र नाही. उजेड करायचा मंत्र अर्थात चालतो, कारण तो कोणावर सोडायचा नसतो. आगीच्या मंत्राचा उजेड तो लागू झाल्यावर पडतो, आधी नाही, म्हणून पहिला वार आंधळाच. मशाल सहा फेऱ्या, मेणबत्ती तीन, कंदील तेल संपेपर्यंत. मंत्राने पाडलेला काळोख असेल तर कंदील पेटतो पण दिसत नाही.

दीड पानात बसलं. सूचना अशी हवी की वाचणाऱ्याला ‘म्हणजे काय?’ असं विचारावं लागू नये. ही म्हणायची, हा माणूस बायकोलासुद्धा क्रमांक घालून उत्तर देतो.

हे वरचं वाक्य नियमांविषयी नाही. पुढे लक्ष ठेवावं.

१७ जानेवारी, शनिवार

अकरा महिन्यांनी टेबलाशी बसलो. नियम नुसते वाचून कळत नाहीत, खेळून बघावे लागतात, म्हणून दोघांना बोलावलं होतं. मेहुणा सुतार आहे. थेट कारखान्यातून आला, पापण्यांवर भुसा. खेळातली सगळी लाकडी पात्रं त्यानेच कोरलेली आहेत. ती डबीतून काढून त्याने एकेक पुसली. भूगोलाच्या बाई आल्या त्या सरळ हिच्या खुर्चीत बसल्या, म्हणाल्या इथून नकाशा सरळ दिसतो. मला बरं वाटलं. कोणीतरी बसायलाच हवं होतं.

सूत्रधार मी झालो. तिसऱ्या दालनात वारा सोडला आणि त्यांची मशाल विझवली. बाईंचं पात्र जखमी होऊन पडलेलं. मेहुण्याचं पात्र म्हणजे वैदीण. तो म्हणाला, मी जखम भरायचा मंत्र सोडतो. मी म्हटलं, काळोख आहे, तुला ती दिसत नाही. तो म्हणाला, ताई होऊ द्यायची.

मी म्हटलं, कधीच नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.

यावर बाईंनी चष्मा काढला आणि सांगितलं की त्यांनाही ही काळोखात मंत्र सोडू द्यायची, पण वेगळ्या अटीवर. त्या खोलीचा नकाशा न बघता आठवणीने काढून दाखवला तर. मेहुण्याने हे कधी ऐकलंच नव्हतं. बाईंनी त्याचं ऐकलं नव्हतं. आणि मी दोघांचंही नाही. एकाच टेबलाशी बसलेली तीन माणसं, आणि नियम तीन.

मेहुणा म्हणाला, “जखम भरायला जखम दिसायला कशाला हवी, दाजी?” मी म्हटलं, दिसली नाही तर औषध लावणार कुठे? त्याने मणी परत आपल्या ढिगात ठेवला.

२० जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी वीज गेली, चाळीस मिनिटं. खोल्यांतले दिवे आपोआप लागले. घरात असे बॅटरीचे चार दिवे आहेत. स्वच्छतागृहातला पाचवा काल बसवला. एवढे कशाला, असं बाईंनी विचारलं. वापर-पुस्तिका लिहिणाऱ्याला सुरक्षिततेची सवयच लागते, असं सांगितलं.

१ फेब्रुवारी, रविवार

हिच्या जुन्या नोंदी काढल्या. प्रत्येक शनिवारी काय झालं हे ही दोन-चार ओळींत लिहून ठेवायची. पाचशेहून जास्त नोंदी आहेत. आठवडाभर वाचतोय.

दोघंही खरं बोलत होते. मेहुण्यासाठी हिचा नियम असा: काळोखात ज्याच्यावर मंत्र सोडायचा त्याला हाक मारायची. त्याने ओ दिली की मंत्र पोचतो. बाईंसाठी नकाशा काढायचा. आणि माझ्या पात्रापुढे जिथे जिथे काळोख आला तिथे एवढंच लिहिलेलं: “यांना कंदील दिला.” मी मोजले. त्रेसष्ट वेळा. माझं पात्र काळोखात कधी राहिलेलंच नाही, त्यामुळे मंत्र चालतो की नाही हा प्रश्नच माझ्यापुढे आला नव्हता.

कंदील माझ्याकडेच का, हे उघड आहे. तिघांत जबाबदार माणूस मी.

पण एक माणूस तीन जणांना तीन नियम लावतो हे मला पटत नाही. पुस्तिकेत असं चालत नाही. पंप कोणी चालवायला घेतला यावर झडप उघडायची दिशा बदलत नाही. कोणता तरी एकच नियम ठेवावा लागेल आणि त्यातला माझाच सगळ्यांत साधा आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज वाद झाला. लिहून ठेवतो, म्हणजे मुद्दे स्पष्ट होतील.

मेहुण्याचं म्हणणं, हाकेचा नियम ठेवा. माझं म्हणणं, नुसत्या हाकेने काम भागत असेल तर काळोखाला अर्थच उरत नाही. मशाली कोण वाहील? बाई म्हणाल्या की दोन्हीत तथ्य आहे. शाळेतही त्या असंच म्हणत असणार. मेहुणा मात्र इरेला पेटला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. नखाने टेबलाची कड खरवडत म्हणाला, “शेवटच्या तीन आठवड्यांत त्या खोलीत काय चालत होतं आणि काय नाही, ते मी पाहिलंय. काळोखात काय पोचतं ते मला नका शिकवू.”

मी म्हटलं, आपण नियमांवर बोलू.

ही बाब इथे नोंदवतो, कारण मेहुणा दोन गोष्टींची गल्लत करतोय. हिच्या डोक्यातल्या दुखण्यामुळे शेवटी हिला उजेड अजिबात सहन होईना. दवाखान्यातल्या खोलीच्या काचांना काळा कागद लावला होता. परिचारिका आत जाताना विजेरीवर फडकं बांधून जायच्या. भर दुपारी आत हाताला हात दिसायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, आत गर्दी नको. म्हणून मेहुणा आत बसायचा आणि मी बाहेर, दाराला लागून ठेवलेल्या खुर्चीवर. औषधं, कागद, सह्या हे बाहेरचं सगळं मी बघत होतो. बोअरच्या पंपाची पुस्तिकाही त्याच महिन्यात द्यायची होती, तीही तिथेच तपासली. कामाची वाटणी होती ती. कोणी कमी केलं, कोणी जास्त, असं काही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. ती दूरच्या शहरात असते, दर रविवारी करते. मसुदा तिला पाठवला होता. म्हणाली, बाबा, सगळं स्पष्ट आहे, पण आईचं वाटत नाही. मी विचारलं, नेमकी त्रुटी कुठे? म्हणाली, त्रुटी नाही, तेच म्हणतेय.

मामाशी भांडू नका, असंही म्हणाली. मी म्हटलं, भांडण नाही, मतभेद आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गेल्या शनिवारी मेहुणा आला नाही. आजही नाही. बाई आणि मी दोघंच बसलो. दोघांत खेळ रंगत नाही. एक जण सूत्रधार झाला की उरतो एकच, आणि तो नुसता हुकूम पाळल्यासारखा पुढे चालतो.

चहा घेताना बाईंनी विचारलं, कंदील तुमच्याकडे का असायचा ठाऊक आहे ना? मी माझं मत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अगदी पहिल्या शनिवारी तिने तुमच्या पात्राला काळोखातल्या जिन्यावरून खाली उतरवलं होतं. तुम्ही मधेच उठलात आणि ट्यूबलाइट लावलीत. दुपारचे चार वाजले होते. बाहेर ऊन होतं. पुढच्या शनिवारी तुमच्याकडे कंदील होता.”

मला हे आठवत नाही. आभाळ आलं असेल.

११ मार्च, बुधवार

आज हिला जाऊन वर्ष झालं. कामावर गेलो. बसून काय करायचं? दुपारी मुलीचा फोन आला, बुधवार असून.

मेहुण्याचा फोन येईल असं वाटलं होतं. मीही केला नाही.

१५ मार्च, रविवार

मेहुण्याच्या कारखान्यात गेलो. रविवार असूनही तो होताच, एका कपाटाच्या दाराला पॉलिश पेपर मारत होता. मी म्हटलं, एप्रिलअखेरची मुदत आहे, तू येत नाहीस, काम अडलंय. तो पेपर मारतच राहिला. मी तिथल्या एका अर्धवट स्टुलावर बसलो.

दार उलटं करून तो म्हणाला, गेले वर्षभर एक गोष्ट सांगायची राहिली आहे. हिने एका दुपारी मला आतून हाक मारली होती. तीन वेळा. मी आलो नाही. “तेव्हा मी ताईला म्हणालो, दाजी औषध आणायला खाली गेलेत. अंधारात दारापर्यंत जाऊन बघितलंही नाही मी. तुम्ही औषधच आणायला गेला होतात ना?”

मी हो म्हटलं. त्या दिवशी एक इंजेक्शन आणायचं होतं, ते आणायला गेलो होतो.

त्याने मान हलवली. चेहरा जरा सैल झाला त्याचा. पुढच्या शनिवारी येतो म्हणाला.

१६ मार्च, सोमवार

काल लिहिलं ते खरं नाही. इंजेक्शन सकाळीच आणून झालं होतं.

कोणी वाचणार नाही अशा वहीतही मी खोटं लिहिलं, हे सकाळी दाढी करताना लक्षात आलं. कामावर जायच्या आधी लिहून टाकतो.

दुपारचे तीन वाजत आले होते. मी खुर्चीवर होतो, मांडीवर पुस्तिका, झडपेच्या आकृतीवरचे आकडे तपासत होतो. आतून हिचा आवाज आला. “अहो.” आवाज फार बारीक झाला होता, पण खुर्ची दाराला लागून होती. माझं पेन थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा, “अहो.” आणि मग, “अहो, आहात का?”

दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं. ओळीतल्या बाकीच्या खोल्यांच्या दारांखालच्या फटीतून उजेड बाहेर येत होता. हिच्या दाराखालून काही येत नव्हतं. फट नुसती काळी होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. तोंडाने ‘ओ’ म्हणायला काय लागतं? आत जायचंही नव्हतं. पण ओ दिली असती तर मग आत जावं लागलं असतं.

मी उठलो. खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून ती उचलायला गेलो, आणि ती सरकलीच. फरशीवर कर्रकन वाजली. मग मी जिना उतरून खाली चहाच्या टपरीवर गेलो. परत आलो तेव्हा ही झोपली होती, असं मेहुण्याने सांगितलं.

त्यानंतर ही आठ दिवस होती. पुन्हा हाक मारली नाही. मी असं धरून चाललो की काम नसेल.

लहानपणापासून मला काळोखात श्वास घेता येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही. तीस वर्षं पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू असायचा, त्याचं कारण मी चोरांचं सांगायचो.

२१ मार्च, शनिवार

मेहुणा आला. मोकळा होता. बाईंच्या चुकलेल्या नकाशावरून त्याने त्यांची थट्टा केली, बाई रुसल्या, पुन्हा हसल्या. मला दोनदा ‘दाजी, चहा’ म्हणाला. मीच नीट खेळू शकलो नाही. त्याचा तो मोकळेपणा मी खोटं बोलून मिळवलेला होता, आणि तो वाढत चालला तसतसा मला बघवेना.

२८ मार्च, शनिवार

खेळायच्या आधीच त्याच्या कारखान्यात गेलो आणि सांगितलं. मी औषध आणायला गेलो नव्हतो. मी ऐकलं होतं. तिन्ही वेळा.

हातातला रंधा त्याने उलटा करून बाकावर ठेवला, म्हणजे पात्याला धक्का लागू नये. मग म्हणाला, “मी वर्षभर स्वतःला सांगत होतो की तुम्ही तिथे नव्हतात. त्यावरच तुमच्याशी बोलत होतो मी.”

मी म्हटलं, मला भीती वाटली.

“तिला वाटत नव्हती का?” तो म्हणाला. मग रंधा पुन्हा हातात घेऊन, “आज तुम्ही जा, दाजी.”

मी आलो. बाईंना जिन्यातच सांगितलं की आज खेळ नाही.

५ एप्रिल, रविवार

मसुद्याला हात लावला नाही. खरं सांगून मोकळं वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटत नाही. माझं ओझं उचलून त्याच्या डोक्यावर दिलं, एवढंच झालं.

मुलीचा फोन आला तेव्हा घेतला नाही.

१२ एप्रिल, रविवार

आज घेतला. ती म्हणाली, बाबा, काय झालंय? मग तिलाही सांगितलं. आता लपवायचं कोणासाठी?

ती मग म्हणाली, “मला माहीत आहे.”

मी विचारलं, मामाने सांगितलं? म्हणाली, नाही, आईनेच. ती आईला भेटायला आली होती ना, ते त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी. मामा जेवायला गेला होता. त्या काळोखात ही तिला म्हणाली, “बाबांना कोणी आत बोलावू नका. त्यांना अंधारात जमत नाही. काल मीच चुकून हाक मारली. खुर्ची सरकल्याचं ऐकलं आणि वाटलं, उगाच मारली. ते बाहेर असतात, पान उलटल्याचं मला ऐकू येतं. तेवढं पुरे.”

मुलगी म्हणाली की हिने तिच्याकडून वचन घेतलं होतं, बाबांना हे कळू द्यायचं नाही. आज मोडलं. म्हणाली, महिनाभर मला तुमचा फार राग होता.

मी विचारलं, खरंच पुरे होतं का तिला?

“ते मला माहीत नाही, बाबा. ती तसं म्हणाली.”

तीस वर्षं चोरांची गोष्ट हिने ऐकून घेतली होती. मरायला टेकलेली बाई मला त्रास नको म्हणून हाक मारायची थांबली. आणि मी धरून चाललो की काम नसेल.

१९ एप्रिल, रविवार

सहावं प्रकरण लिहून झालं. सकाळी बसलो ते दुपारी दोनला उठलो. पंपाच्या पुस्तिकेत कोणी असं लिहिलं असतं तर मी लाल पेनाने खोडलं असतं.

उजेडाच्या तीन पायऱ्या, मशाल, मेणबत्ती हे सगळं तसंच ठेवलंय. काळोखातल्या मंत्रांपाशी लिहिलं: काळोखात न दिसणाऱ्यावर मंत्र सोडायचा तर त्याला हाक मारावी. त्याने ओ दिली तर मंत्र पोचतो. कोणाला ती जागा आठवणीने रेखाटता येत असेल तर त्यालाही सोडू द्यावा. आणि एखाद्याला काळोख सोसतच नसेल तर त्याच्या हाती कंदील द्यावा, कारण विचारू नये. कोणासाठी काय, ते सूत्रधाराने आपल्या माणसांकडे बघून ठरवावं.

हिने पानं कोरी का सोडली ते मला आता थोडं कळतं. हिला लिहायची गरजच नव्हती, ही बघत होती. पण दुकानातून खोकं घेऊन जाणाऱ्याला कोणीतरी लिहून द्यायलाच हवं.

एक प्रत मेहुण्याच्या कारखान्याच्या दारात ठेवून आलो. आत यंत्र चालू होतं. आत गेलो नाही.

२ मे, शनिवार

आज दुकानात खेळ पहिल्यांदा अनोळखी माणसांनी खेळून बघितला. छापण्याआधी एकदा करावं, असं मालकिणीचं म्हणणं. सूत्रधार भूगोलाच्या बाई. खेळायला तिघं: एक बसचालक बाई, एक दंतवैद्य आणि मालकीण स्वतः. मी बाजूला बसून चुका टिपत होतो. मेहुणा येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, उशिरा, नव्याने रंगवलेली पात्रं घेऊन. ती टेबलावर मांडली आणि मागे फडताळाला टेकून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

चौथ्या दालनात बाईंनी काळोख पाडला. दंतवैद्याचं पात्र जखमी. बसचालक बाईंनी सहावं प्रकरण उघडलं, मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, हाक किती वेळा मारायची? मी म्हटलं, लिहायचं राहिलं. मागून मेहुणा म्हणाला, “तीनदा.” मी तीन लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, आणि त्याने ऐकूनसुद्धा ओ दिली नाही तर?

त्यांच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता. मण्यावर बोट ठेवून त्या थांबल्या होत्या. बाई नकाशाकडे बघत होत्या. मी म्हटलं, “मग मंत्र पोचत नाही. मणी मात्र वाटीत जातो. परत मिळत नाही.”

“हे जरा कठोर आहे,” दंतवैद्य म्हणाला.

मी म्हटलं, हो.

त्यांनी समासात लिहून घेतलं आणि खेळ पुढे चालू राहिला.

संपल्यावर मेहुणा आणि मी एकाच वेळी बाहेर पडलो, दोघांनाही टाळता आलं नाही. त्याची बस यायची होती. ऊन अजून होतं. थांब्यावर आम्ही बाजूबाजूला उभे राहिलो. त्याने ती प्रत वाचली असं सांगितलं. ठीक आहे म्हणाला. मग रस्त्याकडे बघतच विचारलं, “त्या दिवशी खाली जाऊन काय केलंत?”

मी म्हटलं, चहा सांगितला.

“प्यायलात?”

“नाही. समोर ठेवून बसलो. निवला. तसाच टाकून वर आलो.”

त्याने मान हलवली. बस आली तेव्हा चढताना म्हणाला, पात्रांना रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिलाय, शनिवारी डबी घेऊन येईन.